मासे खाणाऱ्या गावात व्हीगन: आपलं म्हणणं समोरच्याला कसं ऐकू येतं?

ओलंकाजू:

मी वेंगुर्ल्याकडची. माहेर-सासर दोन्हीकडे मासे खाणारी माणसं, घरात मी एकटी व्हीगन. मासे-मटण-अंडी नाहीच, शिवाय दूध, दही, तूप, मधही नाही. व्हीगन व्हावं की न व्हावं हा वाद या धाग्यावर नको. मला बोलायचंय ते याबद्दल की आपण बोलतो एक आणि समोरच्याच्या कानावर पडतं दुसरंच. मुंबई-पुण्याच्या व्हीगन गटांत 'लोकांशी कसं बोलावं' याचे सल्ले भरपूर फिरतात. ते किनाऱ्यावर आणून बघितले की निम्मे गळून पडतात.

कारण आपल्याकडे 'न खाण्या'ला सोवळ्या-ओवळ्याचा जुना इतिहास आहे. मुंबईत भाड्याची जागा बघायला गेल्यावर 'आमची सोसायटी व्हेज आहे' हे ऐकून परत फिरलेला चाकरमानी इथल्या वाडी-वाडीत भेटेल. डब्यात सुकी मासळी निघाली म्हणून नाकं मुरडलेली ज्याने सोसलीत, त्याला 'मी मासे खात नाही' हे वाक्य 'तुम्ही घाणेरडं खाता' असंच ऐकू येणार. प्राण्याच्या वेदना, पर्यावरण वगैरे त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच त्याने कान मिटलेले असतात, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आमच्या चुलतसासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "आमका पापी म्हणूक इलंस काय गे बाय?" रागाने नव्हे, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय पुढे काही बोलण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मी 'शुद्ध', 'सात्त्विक', 'पाप' हे शब्द चुकूनही वापरत नाही. वेगळी भांडी मागत नाही. पंगतीत सगळ्यांच्या बरोबर बसते, शेजारच्या पानात बांगडा असला तरी. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते, की माझा प्रश्न फक्त तुमच्या माशाला नाही, शुद्ध शाकाहारी म्हणवणाऱ्याच्या तुपालाही आहे. हे ऐकल्यावर माणसं सावरून बसतात. कारण आजवर त्यांना बोल लावणारा प्रत्येक जण दूध-तूप खाणारा होता.

तिथून मग दुधावर नीट बोलता येतं. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि व्यायली की निम्म्या वेळा पाडा होतो. पूर्वी पाड्याचा बैल व्हायचा, नांगराला जुंपला जायचा. आता आमच्याकडे चिखलणीला पॉवर टिलर आला. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. मग पाड्याचं करायचं काय? रात्री रस्त्यावर बसलेली गुरं, भातात घुसलेली गुरं सगळ्यांनी बघितलीत. मला वेगळा पुरावा द्यावा लागत नाही, समोरचाच सांगायला लागतो.

थोडं अभ्यासाचं. जूलिया मिन्सन आणि बेनोआ मोनँ या दोन मानसशास्त्रज्ञांचा २०१२ सालचा अभ्यास आहे. त्यांनी मांसाहारी लोकांना शाकाहारी म्हटलं की कोणते शब्द सुचतात ते लिहायला सांगितलं. जवळपास निम्म्यांनी निदान एक तरी वाईट शब्द लिहिला. आणि 'शाकाहारी तुम्हाला कसं जोखत असतील' हे आधी विचारलं, की मत आणखी कडवट व्हायचं. म्हणजे आपण तोंड उघडायच्या आधीच समोरच्याने आपल्या तोंडी एक निकाल घातलेला असतो, आणि त्याचा राग त्या निकालावर असतो. कोकणात तर तो निकाल त्याने आयुष्यात खरोखर ऐकलेलाही असतो, हा फरक लक्षात घ्या.

जॅरेड पियाझा आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली मांस खाण्याची लोक देतात ती कारणं तपासली. ती बहुतेक चार खणांत बसतात: हे नैसर्गिक आहे, सगळेच खातात, शरीराला लागतं, आणि चव आवडते. किनाऱ्यावर मला पाचवा खण दिसतो, पोटापाण्याचा. 'आमचं घर यावर चालतं.' या पाचव्याला पाठ केलेलं उत्तर माझ्याकडे नाही, आणि कोणाकडे असेल तर मला त्याचीच भीती वाटते.

तुमचे अनुभव लिहा. मासे खाणाऱ्यांनी तर नक्की लिहा. तुम्हाला नेमकं काय खटकतं ते तुम्हीच सांगू शकता.

खाडीपलीकडे:

आमच्या घरची होडी आहे, दापोली तालुक्यात. मासे खातो, विकतोही. तुम्ही बोलावलंत म्हणून लिहितो.

खटकतं काय ते सांगतो. मागे हर्णैच्या बंदरावर लिलाव चालू असताना काही पाहुणे मोबाईलवर शूटिंग करत उभे होते. टोपलीतल्या कोलंबीकडे बोट दाखवून कॅमेऱ्याला सांगत होते की बघा, केवढी हत्या. शेजारी पाटी घेऊन बसलेल्या बाईने विचारलं, "मग माझ्या पोरांची फी तू भरतोस का?" उत्तर न देता ती मंडळी पुढे गेली. तिने उगाच तोंड सोडलं असं कोणाला वाटेल, पण तिचा प्रश्न खरा होता. पहाटे उठून लिलावात माल घेणं, बर्फ, टेम्पोचं भाडं, दिवसभर उन्हात बसणं, आणि संध्याकाळी उरलेला माल पडेल त्या भावात देणं, असा तिचा दिवस. तिच्याशी बोलायचं तर आधी तिला नमस्कार करून भाव तरी विचारा.

आता दुसरी बाजू. आम्हाला प्राण्याचं काही वाटत नाही, हा तुमच्या लोकांचा समज काढून टाका. जाळ्यात कासव आलं तर आमच्याकडे ते सोडतात, वेळ पडली तर जाळं कापून. २०१८ च्या शेवटी सरकारने त्यासाठी भरपाई सुरू केली, जास्तीत जास्त २५ हजार रुपये. पण भरपाई नव्हती तेव्हाही माझे आजोबा कासवाला हळद-कुंकू लावून पाण्यात सोडायचे. वेळासला कासवांची अंडी राखायचं काम २००२ पासून चालू आहे, त्यात गावचेच लोक आहेत. ही माणसं मासे खातात. तुम्हाला बोलायला जागा हवी असेल तर ती इथे आहे.

आणि खरा राग आम्हालाही आहे. एलईडी दिवे लावून रात्री मासळी गोळा करणाऱ्या बोटींवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी समुद्रात उजेड दिसतो. बारीक मासळी, जी वाढली असती तर सगळ्यांना पुरली असती, ती किलोवारी कुटीला जाते, कोंबड्यांच्या आणि कोलंबीच्या खाद्यासाठी. तो मासा माणूस खातही नाही. यावर तुम्ही बोललात तर आम्ही ऐकू. 'मासे खाणं बंद करा'पासून सुरुवात केलीत तर नाही ऐकणार.

घाटमाथा:

मी पुण्यात व्हीगन प्रचाराचं काम करतो. ओलंकाजू, तुमचा आदर ठेवूनच विरोध नोंदवतो.

या सगळ्या चर्चेत मासा कुठे आहे? जातीचा इतिहास मला मान्य, पोटाचा प्रश्न मान्य. पण आपण माणसांना वाईट वाटू नये म्हणून शब्द तोलत राहतो आणि ज्याच्यासाठी बोलतोय तो बाजूलाच राहतो. लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउट माशांवर केलेलं काम वाचा. ओठांना त्रासदायक द्रव टोचल्यावर ते मासे खाणं टाळत होते, ओठ तळाच्या खडीवर घासत होते. वेदनाशामक दिल्यावर हे वागणं कमी झालं. मासा ओरडत नाही, म्हणून त्याला काही होत नाही असं आपण धरून चाललो. हे स्पष्ट सांगायला नको? गुलामगिरी किंवा अस्पृश्यतेविरुद्ध बोलणारे 'समोरच्याला खटकेल' म्हणून थांबले असते तर?

ओलंकाजू:

घाटमाथा, तुमची तळमळ मला परकी नाही. तो अभ्यास मीही लोकांना सांगते. पण कधी, हा माझा मुद्दा आहे. कोणी विचारलं की 'माशाला कुठे दुखतं?', तेव्हा सगळं सांगते, काही झाकत नाही. न विचारता पानावर बसलेल्या माणसाला सांगितलं, तर त्याला माशाची वेदना ऐकू येत नाही, माझी शेखी ऐकू येते. मग त्या माशाचं मी काय भलं केलं?

अस्पृश्यतेचं उदाहरण मात्र इथे देऊ नका, कळकळीने सांगते. ज्यांच्या घरात सुकटीचा वास येतो म्हणून त्यांना पिढ्यान्‌पिढ्या खालचं ठरवलं, त्यांनाच आपण आता अस्पृश्यता पाळणाऱ्यांच्या जागी बसवायचं? तुमच्या मनात तसं नाही हे मला कळतं. ऐकणाऱ्याला मात्र तेच ऐकू येईल, आणि त्याला कोणी दोष देऊ शकणार नाही.

दुसरं असं. १९४४ साली इंग्लंडमध्ये ज्या संस्थेपासून व्हीगन हे नाव सुरू झालं, तिच्या व्याख्येतच 'जितकं शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असं म्हटलंय. पुण्यात पगारावर असलेल्या माणसाला जे व्यवहार्य आहे, ते होडीचं कर्ज फेडणाऱ्याला आज नाही. ही पळवाट नव्हे, ती व्याख्येतच आहे.

माहेर_देवगड:

मी व्हीगन नाही, माझी मुलगी आहे. तेव्हा आईच्या बाजूने लिहिते.

मुलीने सांगितलं त्या दिवशी मला प्राणी-बिणी काही ऐकू आलं नाही. 'तुझ्या हातचं नको' एवढंच ऐकू आलं. पापलेटाचं कालवण तिच्यासाठी मी निवडून-निवडून करायची. मुंबईहून येणार म्हटलं की आदल्या दिवशी मासेवालीला निरोप. आता तिच्यासाठी काय करायचं, हेच कळेना. घर आपलं, पोर आपली, आणि रांधायला काही नाही.

हे निवळलं ते वादाने नाही. गणपतीत मोदक झाले. आमच्याकडे मोदक पानात वाढला की लगेच फोडून वर तूप, विचारत नाहीत. माझ्या जाऊबाई तुपाचा चमचा घेऊन तिच्या पानाजवळ आल्या आणि हात तसाच धरून उभ्या राहिल्या, घालू की नको. सगळी पंगत बघत होती. मुलीने हसून विचारलं, "काकी, शिरवाळ्यांचा रस उरलाय का? त्यात बुडवून खाते." नारळाचा रस गूळ-वेलची घातलेला, होताच. काकींनी वाटीभर आणून दिला आणि स्वतःही एक मोदक रसातून खाल्ला. 'मी तूप खात नाही, कारण…' असं तिने तेव्हा सुरू केलं असतं तर तो सण सगळ्यांच्या लक्षात वेगळा राहिला असता.

नंतर ती माझ्याकडे शिकायला बसली. कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची आमटी, फणसाच्या कुयरीची भाजी, ओल्या काजूची उसळ, अळूचं फतफतं, पातोळे, घावणे-रस. तेव्हा मलाच उमगलं की यातल्या कशातही दूध नाही. आपल्याकडे दुभतं कधी फारसं नव्हतंच. गावठी गाय लहान चणीची, दोन कपावर दूध निघालं तर नशीब. दुधाचं काम नारळाने केलं. चहाच्या दुधाच्या पिशव्या घाट उतरून येऊ लागल्या त्या आपल्या डोळ्यांदेखत.

तेव्हा मुलांना सांगणं एवढंच, की घरी 'हे नको, ते नको'ची यादी वाचू नका. काय करून घाल ते मागा. आईला नाही म्हणण्यापेक्षा काहीतरी मागितलेलं बरं वाटतं.

आणि एक, वाटप तेच ठेवा. बांगड्याला लावते तेच तिरफळ घातलेलं वाटप मी आता हिरव्या वाटाण्याला लावते. कांदा-खोबरं भाजताना रंग काळपट तपकिरी येईपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही, आणि तिरफळ ठेचून शेवटी, बिया काढून. घरात वास तोच सुटतो. माझे मिस्टर मासे सोडणार नाहीत, पण त्या दिवशी ते वेगळं कालवण मागत नाहीत.

सोमवार_शिवराक:

वरचं वाचून बरं वाटलं. आमचं तारकर्लीला घरगुती राहण्या-जेवण्याचं आहे. व्हीगन पाहुणे वाढलेत. त्यांना माझी विनंती: 'व्हीगन आहे' एवढंच सांगून गप्प बसू नका. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना तो शब्द माहीत नाही, आणि विचारायचा संकोच वाटतो. 'शिवराक (म्हणजे शाकाहारी) जेवतो, दूध-दही-तूपही नको' असं म्हटलंत की त्या लगेच कामाला लागतात. सोलकढीला मात्र विचारून घ्या, कारण काही जण हल्ली ताक घालतात. आमच्याकडे निव्वळ नारळाचं दूध आणि आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस.

बाजारच्या पाकिटांसाठी एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांचे नियम आणले, हिरव्या रंगातलं व्ही अक्षराचं चिन्ह असतं. पण ते आमच्या तालुक्याच्या दुकानात क्वचित दिसतं. आणि घावण्यांना त्याची गरजही नाही.

इथला माणूस आठवड्यातून दोन-तीन दिवस शिवराक जेवतोच. सोमवार, कुठे गुरुवार, कुठे शनिवार, संकष्टी, श्रावण. त्याला 'एक दिवस सोडून बघा' असं शिकवायला जाऊ नका, तो आधीपासून सोडतोय. त्या दिवशीच्या जेवणाबद्दल त्याला विचारा, त्यात त्याला आवडणारं बरंच असतं.

आगळ:

आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, चिपळूणला. एका बाबतीत व्हीगन मंडळींनी प्रामाणिक राहावं ही कळकळीची विनंती. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून खात्रीने मिळत नाही. आंबोळीच्या आंबवण्यातून मिळतं, स्पिरुलिनातून मिळतं, असं सांगत फिरू नका. गोळी घ्यावी लागते किंवा बी-१२ घातलेले पदार्थ, आणि मधूनमधून रक्त तपासावं. दूध पिणाऱ्या शाकाहारी लोकांतही आपल्याकडे ही कमतरता पुष्कळ दिसते.

माशातलं ओमेगा-३ हाही खरा मुद्दा आहे. जवसातून मिळतं ते वेगळ्या प्रकारचं, शरीर त्यातलं थोडंच माशातल्या प्रकारात बदलतं. शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं, ते उपयोगी आहे पण महाग आहे. कॅल्शियमची काळजी मात्र कमी करा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, आणि नाचणीची भाकरी आपल्याला परकी नाही.

माझ्याकडे येणाऱ्या मच्छीमार बायका विचारतात, "मासे सोडले तर ताकद कुठून?" त्यांना मी 'काही फरक पडत नाही' म्हणत नाही. फरक पडतो, तो असा भरून काढता येतो, त्याला इतका खर्च येतो, असं सांगते. उणं सांगितलं की बाकीच्यावरही विश्वास बसतो.

राखणदार:

एक विचारायचं आहे. आमच्याकडे वर्षातून एकदा देवचाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, राखण देतात, त्यात कोंब्याचा (कोंबड्याचा) बळी असतो. मी मटण-मासे सोडलेत. गावकीत राहायचं तर राखणीला जायला लागतं. जाऊ की नको? गेलो तर बोलू की नको?

ओलंकाजू:

राखणदार, मी जाते. गाऱ्हाण्याला उभी राहते, नारळ ठेवते, प्रसादाच्या जेवणातला भात आणि वाटाण्याचं सांबारं घेते. त्या जागेवर बोलत नाही. तिथे माणूस आपल्या शेताची, पोराबाळांची राखण मागायला आलेला असतो, त्याच्या मनात भीती असते. त्या वेळी हात धरणं मला बरोबर वाटत नाही. पण घरात राखणीची तयारी चालते तेव्हा मी विचारते की यंदा आपल्या घरचा नारळ दिला तर चालेल का. आमच्या घरी त्यावर दोन्ही बाजूंनी बोलणं होतं, एकमत अजून नाही. तुमच्या घरी विचारण्याजोगं वातावरण असेल तर विचारा, गावकीच्या बैठकीत एकदम नको.

घाटमाथा:

वरचं सगळं दोनदा वाचलं. अस्पृश्यतेच्या उदाहरणाबद्दल तुमचं म्हणणं पटलं, ते मी यापुढे देणार नाही. मासा बाजूला राहतो ही माझी तक्रार मात्र कायम आहे.

खाडीपलीकडे, थेट तुम्हाला विचारतो. एलईडी बोटींविरुद्ध आणि बारीक मासळी कुटीला जाते त्याविरुद्ध आमच्यासारख्यांनी तुमच्याबरोबर उभं राहिलेलं चालेल का? आमचा अंतिम हेतू वेगळा आहे, हे तुम्हाला माहीत असताना?

खाडीपलीकडे:

चालेल. पण हेतू पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगायचा. 'आम्ही मासे खात नाही, कोणी खाऊ नयेत असं आम्हाला वाटतं, पण या मुद्द्यावर तुमच्याबरोबर आहोत.' काही जण उठून जातील, बरेचसे थांबतील. नंतर कोणाकडून कळलं तर एकही थांबणार नाही, आणि मीही नाही.

तुमच्या माशाच्या वेदनेचंही बोला, मला हरकत नाही. जाळ्यात अर्धा दिवस तडफडणारा मासा आम्हीच सगळ्यात जवळून बघतो. त्यावर आमच्यातले म्हातारे काय म्हणतात तेही ऐकून घ्या, तुम्हाला वाटतं तितके ते लांब नाहीत.

यायचं तर १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा या. होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली असतात, बोलायला वेळ असतो. हंगामात आलात तर कोणी तोंडाकडे बघणार नाही. नारळी पौर्णिमेच्या आधीचा आठवडा टाळा, तेव्हा सगळे रंगकाम आणि इंजिनात गुंतलेले असतात.